बिनमिठाचा वर्षावास

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळदा केला, पण एकदाच त्यात माणूस जाता जाता राहिला. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याचं मीठ बंद करायला सांगितलं. मी मिठाची बरणी उचलून नणंदेच्या पिशवीत घातली आणि पुढच्याच महिन्यापासून नवऱ्याला दिवसातून दोनदा मीठ पाजायला लागले. वाटी वाटी. गरम करून. वर कोथिंबीर भुरभुरून. शिवाय विहारात सगळ्या बायकांना सांगत फिरले, "आमच्या घरात मिठाचा खडा शोधून दाखवा!"

तेव्हा मी काही नवी नवरी नव्हते. पन्नाशी ओलांडून दोन वर्षं झाली होती, मुलगा नोकरीला लागून बापही झाला होता, केस मेंदीनं लाल करत होते. कोवळ्या वयातल्या चुका लोक हसून सोडून देतात. पन्नाशीतल्या बाईला कुणी का सोडावं? मी तर तिला अजिबात सोडणार नाही. आज ती समोर आली तर तिच्या हातातलं पातेलं काढून घेईन आणि पहिली वाटी तिच्याच नरड्यात ओतीन.

ती आठवली सांचीमुळे. सांची माझी नात, नोकरीला लागून वर्ष झालंय आणि तेवढ्यात तिला आपल्या पोटाची फार काळजी वाटू लागलीय. परवा आषाढ पौर्णिमा झाली, वर्षावास सुरू झाला. बदलापूरच्या आमच्या या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर विहारातली वंदना अर्धीमुर्धी ऐकू येते, उरलेली मी मनात पुरी करते. तेच चाललं होतं, तेवढ्यात ही बया ओली सॅक घेऊन स्वयंपाकघरात आली आणि तिनं ओट्यावर एक चौकोनी डबा ठेवला.

"आजी, मिसो! जपानी. आता रोज सूप करायचं. तू पण प्यायचंस. पोटासाठी बेस्ट असतं."

"माझ्या पोटाला सत्तर वर्षं कुणी काही विचारलं नाही. आता कशाला त्याला उठवतेस?"

"आजी, तू ना फार निगेटिव्ह आहेस."

तिनं झाकण उघडलं. आंबवलेल्या डाळीचा, ओल्या लाकडाचा, खूप खोल कुठेतरी जुन्या लोणच्याचा वास आला, आणि त्याच्या पाठोपाठ मला फिनेलचा वास आला. फिनेल आमच्या घरात नव्हतं. ते उल्हासनगरच्या हॉस्पिटलातलं होतं, मला वाटतं दोन हजार सात किंवा आठ सालातलं, आणि ते माझ्या नाकात इतकी वर्षं दबा धरून बसलं होतं.

वर्षावास म्हणजे पावसाचे तीन महिने. भिक्खूंनी पावसात हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, असा जुना नियम. आम्ही काही भिक्खू नाही, पण छप्पन सालापासून आमच्या घरात हे तीन महिने वेगळे असतात. रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाचं एक प्रकरण वाचायचं, लोकांनी ऐकायचं, पौर्णिमेला खीर. अंबरनाथला पूर्वेला आमच्या दोन खोल्या होत्या आणि विहार तिथून चार मिनिटांवर. बाहेर वाळत घातलेलं काही वाळायचं नाही, घरात दोरीवर कपडे, दोरीखाली आम्ही, पोळपाटाला सुद्धा बुरशीचा वास. त्या ओलीतून संध्याकाळी सहाच्या सुमाराला हे निघायचे, पांढरा सदरा घालून, प्लास्टिकच्या पिशवीत चष्मा आणि ग्रंथ.

हे म्हणजे माझे मालक. आनंदनगरला एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं बॉयलरवर काढली होती. बॉयलरच्या घरघरीवर ओरडून ओरडून आवाज असा झाला होता की विहारातला माइक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. वाचायला लागले की रस्त्यावरचा रिक्षावाला इंजिन बंद करून ऐकायचा. माणूस तसा अबोल. घरात "चहा" आणि "छत्री" याच्यापुढे फार शब्द खर्च करायचे नाहीत. सगळा आवाज त्या तीन महिन्यांसाठी राखून ठेवलेला.

बॉयलरवरच्या माणसाच्या अंगातून घामाच्या धारा वाहायच्या, म्हणून ताटात मीठ लागायचं. डावीकडे मिठाचा छोटा ढीग, त्याच्यात बोट बुडवून ते जेवायचे. नोकरी सुटली, घाम थांबला, ढीग तसाच राहिला. त्या वर्षी आषाढाच्या आधी त्यांना चक्कर आली. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, दोनदा फुगवला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे नाही.

"वरचं एकशेऐंशी आहे. गोळी देते, पण गोळीनं अर्धंच काम होतं. मीठ बंद. पापड, लोणचं, सुके मासे, सगळं बंद. मेंदूत काही झालं ना बाई, तर आधी वाचा जाते यांची. मग पुढचं."

वाचा जाते! या माणसाची! मी घरी आले ती बरणी उचलूनच.

आक्का तेव्हा घरीच आल्या होत्या. आक्का ह्यांच्या थोरल्या बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा बारा वर्षांच्या आक्कांनी ह्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं, आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत. राहायच्या कुळगावात, जुन्या वस्तीत, पण तिसऱ्या दिवशी अंबरनाथला आमच्या दारात, काखेत पिशवी, पिशवीत जवळा नाहीतर सुके बोंबील. "सख्याला आवडतात म्हणून आणले." सख्या म्हणजे सखाराम, माझा नवरा. मला त्या नावानं हाक मारायची सोय नव्हती, त्यांना होती, हाही माझा एक राग होता.

मी बरणी त्यांच्या पिशवीत कोंबली. "हे न्या. आणि बोंबील पण न्या."

"मीठ कोण घराबाहेर काढतं गं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी खायचं नाही सांगितलं असेल. घरातून हाकलायला सांगितलंय का?"

पण मला हाकलायचं होतं. मीठही आणि आक्काही.

पुढचे पंधरा-वीस दिवस आमच्या घरात जेवण नव्हतं, शिक्षा होती. बिनमिठाचं वरण कधी खाल्लंय का? भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. हे एक घास घ्यायचे, चावायचे, चावतच राहायचे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. काही बोलायचे नाहीत. अर्धी भाकरी ताटात, भाजी तशीच. ते बोलले असते, भांडले असते, ताट सारलं असतं, तर बरं वाटलं असतं. गप्प बसून उपाशी राहणाऱ्या माणसाचा बायकोला जो राग येतो तो तिलाच ठाऊक. वजन उतरलं, सदरा खांद्यावर लोंबायला लागला. पण दंडाचा पट्टा सांगायचा, एकशेपन्नास. चांगलं चाललंय, डॉक्टरीणबाई म्हणायच्या. ताट सांगायचं, वाईट चाललंय. मी ताटाचं ऐकलं.

आणि नेमका तेव्हा मिलिंद जपानहून आला.

मिलिंद माझा मुलगा, सांचीचा बाप. त्याला कंपनीनं तीन महिने जपानला मशीन शिकायला पाठवलं होतं. आमच्या अख्ख्या नात्यात विमानात बसलेला तो पहिला. जाताना आठ माणसं रिक्षा करून स्टेशनपर्यंत सोडायला गेली होती. आला तो एक मोठा खोका घेऊन. वर चिकटपट्ट्या, आत थंड कागदाचा वास, आणि डबे, बाटल्या, पाकिटं, सगळ्यांवर ती उभी-आडवी चित्रासारखी अक्षरं. चार डबे मिसोचे, पिवळसर तपकिरी लगदा, शेणाचा गोळा जरा सुंदर असता तर असा दिसला असता. काळ्या पाण्याची एक लांब बाटली. समुद्रातला वाळवलेला पाला, कॅसेटमधली फीत ओढून कात्रीनं कापावी तसा. हिरव्या चहाचा डबा, त्याचं पाणी ओतलं की हरभरे भिजवलेलं पाणी वाटायचं. आणि लाल सुरकुतलेली आंबट फळं, लिंबाच्या लोणच्याचा आजारी भाऊ.

"आई, तिथं नव्वद वर्षांची म्हातारी सायकलवरून बाजारात जाते. मी डोळ्यांनी बघितलं. सकाळी हे सूप, रोज. हा पाला. हा चहा. सगळे म्हातारे कडक!"

"आणि मीठ?" मी विचारलं. हे मी विचारलं होतं, एवढं श्रेय मला द्या.

मिलिंदनं जरा आठवलं. "टेबलावर मिठाची डबी मी तिथं कुठंच बघितली नाही, आई."

झालं. माझ्या डोक्यात दिवा लागला. टेबलावर मीठ नाही म्हणजे जेवणात मीठ नाही! तीन महिने कॅन्टीनमध्ये जेवलेल्या, चहाखेरीज काही करता न येणाऱ्या पोराच्या साक्षीवर मी पुढचे दोन महिने स्वयंपाक केला. डब्यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं, त्यालाही नाही. वाचता येत नाही असल्या वस्तूवर माझा इतका विश्वास बसला की काय सांगू. आपल्या भाषेत लिहिलेल्या औषधाच्या बाटलीवर मी संशय घ्यायचे.

त्यात आणखी एक गोम होती, ती कबूल करायला हवी. जपान म्हणजे बुद्धाला मानणारा देश. आम्ही छप्पनचे. माझे वडील नागपूरला दीक्षेला गेलेले, घरातले देव नदीत सोडणारे. पन्नास वर्षांत आम्ही जेवढं शिकलो तेवढं शिकलो. हे लोक दीड हजार वर्षांपासूनचे! त्यांनी शांतपणे बसून, डोळे मिटून, काय खावं हे ठरवलं असणार. त्यांच्या डब्यात वाईट काही असेलच कसं? विहारात मी हे मांडून सांगायला लागले. एकीनं विचारलं, "वहिनी, म्हणजे हे धम्मातलं जेवण का?" मी मान अशी हलवली की हो आणि नाही दोन्ही व्हावं. आज लाज वाटते ती त्या मानेची.

सकाळी हिरवं पाणी. दुपारी जेवणाआधी वाटीभर सूप, दोन मोठे चमचे मिसो घालून, वर कोथिंबीर. वरणात काळा पाला. भातावर काळ्या पाण्याची धार. संध्याकाळी विहारात निघायच्या आधी पुन्हा एक वाटी, सोबत ते लाल फळ अर्धं. आणि काय आश्चर्य! ताट रिकामं व्हायला लागलं. चाटून पुसून. पहिल्या दिवशी त्यांनी वाटी तोंडाला लावली, एक घोट घेतला, थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि मग उरलेली वाटी एका दमात संपवली.

"कसं आहे?"

"बरं आहे."

बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्या कुठल्या पदार्थाला "बरं आहे" म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अजून अर्धी वाटी असेल तर दे." मी मागे वळून डोळे पुसले. खरंच पुसले. मूर्ख बाई.

आता तुम्ही विचाराल, तू चव बघितली नाहीस? नाही. एकदाही नाही. मला तो वास सहन होत नव्हता. पातेलं उतरवताना मी पदर नाकाला लावायचे. त्यांचं जेवण झालं की ओट्यापाशी उभी राहून, पाठमोरी, आक्कांनी चोरून आणलेला जवळा कांद्यावर परतून भाकरीशी खायची. बरणी घरात नव्हती, पण जवळ्याला काय बरणी लागते? दीड हजार वर्षांचं शहाणपण नवऱ्यासाठी, आणि कुळगावचा जवळा माझ्यासाठी.

आक्का मात्र बघत होत्या. त्यांनी एकदा पातेल्यात डोकावलं.

"हे काय, चाळीतलं गटार तुंबलं का?"

"समुद्रातला पाला आहे. शंभर वर्षं जगतात लोक."

"सख्याला बकरी समजलीस काय गं? पाला घालतेस तो. आणि समुद्रातलाच पाहिजे तर माझे बोंबील कुठं डोंगरावरचे होते?"

"बोंबलाला मीठ असतं."

"आणि याला?"

"याला नसतं."

"तू खाल्लंस?"

"मला काय झालंय? मला कुठं बीपी आहे?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझा जवळा ठाऊक होता. त्या पिशवी उचलून चालायला लागल्या. जिंकले, असं मला वाटलं. दारात जाऊन त्या म्हणाल्या, "माझा भाऊ आहे तो. तुझी लॅब नाही." हा शब्द त्यांनी कुठून उचलला होता कोण जाणे.

श्रावणाच्या मध्याला काळ्या पाण्याची बाटली संपली. मी उल्हासनगरला गेले, कॅम्पातल्या बाजारात, चिखल चुकवत. किराणा आणि ड्रायफ्रूटचं एक सिंधी दुकान, गल्ल्यावर पांढऱ्या मिशांचे साईं. रिकामी बाटली त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि मागच्या फळीवरून एक जाड बाटली काढली.

"अम्मा, जपानी तो नहीं है, पर यही चीज है. चायनीज की गाडीवाले यही ले जाते हैं. घर के लिए है ना? थोडा थोडा डालना. बहुत खारा होता है."

"हमारावाला खारा नहीं है," मी म्हणाले. "हमारा जपान का है. उसमें नमक नहीं रहता."

साईं हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "अम्मा, सोया सॉस में नमक नहीं, तो क्या शक्कर रहेगी? घर में किसी को बीपी-वीपी है क्या?"

"तुमको क्या करना है?" मी म्हणाले आणि पैसे टाकून बाटली उचलली. त्या दोन महिन्यांत मला सरळ शब्दांत खरं सांगणारा हा एकच माणूस भेटला होता, आणि मी त्याच्यावर फणकारून आले. रस्ताभर पुटपुटत होते, यांना काय कळतंय, हे विकतात.

मला आणखी एक गोष्ट आठवते आणि तिचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आमच्या अंबरनाथ स्टेशनबाहेर भिंतीला लागून बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून आलेल्या बायका बसायच्या. पुढ्यात पळसाच्या पानावर रानभाज्या. टाकळा, कुर्डू, भारंगीची फुलं, पावसाचं पाणी अजून पानांवर. त्यातल्या एका म्हातारीकडून मी वर्षानुवर्षं टाकळा घ्यायचे. कांदा, लसूण, वर ओलं खोबरं, त्याला मीठ जरासं घातलं तरी पुरतं, आणि न घातलं तरी स्वतःचा कडवटपणा असतो म्हणून जीभ गप्प बसते. त्या वर्षी म्हातारीनं हाक मारली, "बाय, टाकला न्हेत नाय?" आणि मी, समुद्रातल्या कॅसेटची मालकीण, छत्री तिरकी करून निघून गेले. तिच्या अंगावर छत्रीचं पाणी उडालं. ती दीड तास चालून आली होती. मला सायकलवरच्या म्हातारीचं कौतुक!

डॉक्टरीणबाईंचा पट्टा वर चढायला लागला. एकशेसाठ. एकशेपंच्याहत्तर.

"मीठ बंद आहे ना नक्की?"

"बाई, बरणी सुद्धा घरात नाही."

त्या गोंधळल्या. गोळी वाढवली. हे शेजारी बसलेले, सदऱ्याची बाही खाली ओढत. मी त्यांना म्हटलं, "सांगा ना तुम्ही, घालते का मी मीठ?" ते म्हणाले, "बरणी नाही घरात." तेवढंच.

भाद्रपदातली एक संध्याकाळ. विहारात तीसेक माणसं, पुढे पोरं मांडी घालून, दाराशी ओल्या चपलांचा ढीग, अगरबत्ती आणि ओल्या छत्र्यांचा वास. हे वाचत होते. आवाज खणखणीत. एक वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. मग त्यातला एक शब्द तिसऱ्यांदा. पोरांना वाटलं गंमत करतायत, ती खिदळली. मग शब्दाचं पीठ झालं. जीभ हलत होती, आवाज येत होता, पण त्यात शब्द नव्हता. ओठ एका बाजूला घसरला. त्यांनी ग्रंथ खाली ठेवला, नीट ठेवला, खूण घालून, आणि आमच्याकडे बघितलं. मी बसूनच राहिले. आक्का उठल्या. पासष्ट वर्षांची बाई पोरांच्या डोक्यावरून गेली.

हॉस्पिटल उल्हासनगरला. रिक्षात आक्कांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी समोर उलटी बसले होते आणि त्यांच्या हातातली छत्री धरून होते. त्यांना काही बोलायचं होतं. नुसता "अ, अ" येत होता. आपल्या आवाजाला ते असे घाबरलेले मी कधी बघितले नव्हते. एवढा मोठा आवाज, कुठं गेला?

आता ऐका त्या शहाण्या बाईचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉस्पिटलात आली. हातात थर्मास. थर्मासात काय? ताकद यायला हवी ना माणसाला! तीन चमचे घातले होते त्या दिवशी, नेहमीपेक्षा एक जास्त.

नाकातल्या नळीतून द्यायचं म्हणून सिस्टरनं थर्मास माझ्या हातातून घेतला. पोरगी असेल पंचविशीची. तिनं झाकणात थोडं ओतलं, वास घेतला, करंगळी बुडवून जिभेला लावली. आणि बेसिनमध्ये थुंकली.

"मावशी, हे सूप आहे की लोणच्याचं पाणी? किती दिवस देताय?"

"रोज."

"रोज किती?"

"दोनदा."

तिनं ते झाकण माझ्या पुढे धरलं.

मी प्यायले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. गरम, तपकिरी, आधी गोडसर, आणि मग जिभेच्या दोन्ही कडांनी मीठ असं चढलं की डोळ्यांत पाणी आलं. ते डोळ्यांतलंही खारटच. फिनेलचा वास, माझा पदर, खिडकीतून दिसणारा उल्हासनगरचा राखाडी पाऊस, आणि तोंडात तो समुद्र. मी गिळलं. थुंकायचा मला हक्क नव्हता.

आक्का कॉटच्या त्या बाजूला बसल्या होत्या. आता त्या तोंड सोडणार, म्हणून मी वाट बघत उभी राहिले. मला ते हवंही होतं. त्यांनी थर्मास उचलला, बेसिनमध्ये उलटा केला, नळ सोडून विसळला, पालथा घालून ठेवला. आणि पुन्हा भावाचा हात हातात घेऊन बसल्या. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. शिव्या बऱ्या असतात, त्या संपतात तरी.

जपान्यांचा यात काय दोष? त्यांनी मला बोलावलं नव्हतं. त्यांची म्हातारी आपल्या देशात आपलं सूप पिते, मूठभर भात खाते, सायकल चालवते. मी तिचं सूप तेवढं उचललं, सायकल तिथंच ठेवली, आणि माझा भाताचा डोंगर तसाच. डॉक्टरीणबाईंनी एक वस्तू काढायला सांगितली होती, मी पाच वस्तू आणल्या. काढून टाकणं हे काम माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. घरात कुणी आजारी पडलं की आम्हा बायकांना काहीतरी करून घालायचं असतं. न करणं हा उपचार असू शकतो, यावर आमचा विश्वास बसत नाही.

आणि आताही तेच चाललंय. आमच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर रोज सकाळी जपान येतो. जपानी लोक शंभर वर्षं कसे जगतात, सात सवयी. बिर्याणी खायची, वर हिरवा चहा ओतायचा. पाठवणारी बाई लिफ्ट बंद असली की एक जिना उतरत नाही, पहिल्या मजल्यावरूनच खाली ओरडते. मी कधी उत्तर देत नाही. एकदाच लिहिलं होतं, "तुम्ही चव बघितली का?" तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

सांचीला मी डबा उलटा करायला लावला. आता मागे इंग्रजीत लिहिलेलं असतं. "वाच, मीठ किती." तिनं वाचलं, डबा पुन्हा सरळ केला आणि म्हणाली, "एक छोटा चमचा घेईन ना आजी, आणि बाकी जेवणात कमी करीन." शहाणी आहे. तिच्या आजीपेक्षा, म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. मी तिला म्हटलं, पी बाई, पण उद्या टाकळा आणते तो पण खा. तिनं विचारलं, टाकळा म्हणजे काय गं?

हे त्यातून उठले. पुढे तेरा वर्षं राहिले, आणि गेले ते दुसऱ्याच दुखण्यानं. आवाज परत आला, पण पहिल्यासारखा नाही. त्याला एक खरखर लागली आणि "र" कायमचा जड झाला. पुढच्या वर्षावासात ग्रंथ वाचायला दुसरा माणूस लागला. हे खाली सगळ्यांसोबत बसून ऐकायचे आणि मी त्यांच्याकडे बघायची नाही.

पण पहिलं बोलले ते हॉस्पिटलात, पाचव्या दिवशी. दुपारची वेळ होती. नळी काढली होती. मी चमच्यानं पेज भरवत होते, नुसती, पांढरी, बिनमिठाची, आणि या वेळी आधी स्वतः चाखलेली. पाच दिवस माझ्या पोटात एकच वाक्य साठलं होतं, ते मी एकदाचं काढलं. मी म्हणाले, मला माफ करा हो, मला खरंच कळलं नाही त्यात मीठ होतं ते. पेज भरवता भरवता रडायला लागले. आक्कांनी मान फिरवली.

त्यांनी चमचा हातानं बाजूला केला. तोंड अजून वाकडं होतं, एका बाजूनं लाळ येत होती, ती मी पुसली. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, शब्द सापडेनात. मग डोळे मिटून, एकेक शब्द बॉयलरमध्ये कोळसा लोटावा तसा पुढे लोटत, आक्कांना आणि मला दोघींना ऐकू येईल असं ते म्हणाले, "मला पहिल्या घोटालाच कळलं होतं, खारट आहे ते. सांगितलं असतं, तर तू बंद केलं असतंस."